बारदानात शिवलेली सीट

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी कळलं नाही, त्याबद्दल आधीच माफी मागते. चौथीपर्यंत शाळा झाली. त्यानंतर पेन हातात आलं ते सहीपुरतं. ही वही लेकीच्या कॉलेजातली उरलेली आहे. माझ्या मागं कुणी वाचली तर वाचावी, नाही वाचली तरी माझं काही अडत नाही. चार माणसांत मला तोंडानं बोलता येत नाही, घसा बसतो. त्यामुळं लोकांना वाटतं, हिला काहीच वाटत नाही. मला पुष्कळ वाटतं. त्यातलं चांगलं फार थोडं असतं.

मी अवसरीहून रोज मंचरच्या बाजारात जायचे, कांद्याच्या गोण्या शिवायला. मालक वारले तेव्हा लेक आठवीत होती. तेव्हापासून हातात दाभण आणि सुतळी. गोणी तोंडापर्यंत भरली की धरायला दोन्ही कोपऱ्यांना कान काढायचे आणि मधे साखळीचा टाका घालत जायचं. एवढा पक्का की हमालानं गोणी ट्रकमध्ये फेकली तरी कांदा बाहेर पडत नाही, आणि एवढा सरळ की एक टोक ओढलं की सगळी शिवण सर्रकन उसवते. हे काम मला चांगलं यायचं. हेच एक यायचं म्हटलं तरी चालेल. पुढं जे झालं ते या एका गोष्टीच्या गर्वानं झालं.

लेक ओतूरकडं दिली. तिच्या सासरची बागायत मोठी. त्यांचा गोठा माझ्या राहत्या घरापेक्षा मोठा आहे. हे मी मोजलेलं नाही, विहीणबाईंनी सांगितलेलं आहे, तेही लग्नाच्या मांडवात. जावई कंप्युटरवाला. कंपनीनं त्याला दीड-दोन वर्षं अमेरिकेला पाठवलं, लेकही गेली, नातू तिकडंच झाला. मग ते बंगळूरला राहायला आले आणि येताना बाळाची गाडीतली सीट घेऊन आले.

जाड प्लास्टिकची खोल खुर्ची, वर गादी, खांद्यावरून दोन पट्टे आणि पोटाशी लाल बटणाचं कडं. तिकडं म्हणे ती सीट गाडीत बसवलेली दाखवल्याशिवाय दवाखान्यातून बाळ घरी सोडत नाहीत. तेराव्या महिन्यात नातवाचं जावळ काढायचं ठरलं तेव्हा जावई बंगळूरहून स्वतः गाडी चालवत आला आणि पोरगं एवढा रस्ता त्या खुर्चीत बसून आलं.

विहीणबाई म्हणाल्या, "आरं, पोरगं हाय का चोर हाय? किती जखडून ठेवलंय त्याला!"

मलाही तसंच वाटलं. त्या बाईचं आणि माझं एकमत झालेलं मला तेवढंच आठवतं.

जावळाला मामा लागतो, बाळ मामाच्या मांडीवर बसतं. मला मुलगा नाही. माझ्या दिराचा मुलगा मी बरोबर नेला होता. विहीणबाईंनी सगळ्या बायकांसमोर विचारलं, "ईनबाई, मामा घरचा हाय का भाड्यानं आणलाय?" बायका हसल्या. मी पदर सारखा केला. माझ्या दिराचा मुलगा मात्र लाल झाला, आणि परत त्या घरी कधी आला नाही.

जावळ झाल्यावर लेण्याद्रीला गणपतीच्या दर्शनाला जायचं निघालं. जावयाच्या गाडीत घरातली अकरा माणसं बसवायची होती. ती सीट मागच्या बाकावर अर्धी जागा अडवून बसलेली. विहीणबाईंनी स्वतः ती ओढून काढली आणि पडवीत ठेवली. "जवळ तर जायचंय. माज्या मांडीवर बसंल." जावई काहीतरी बोलला, पण आईपुढं त्याचं चालत नाही. गाडी दर्शनाला जाऊन आली. त्याच संध्याकाळी कंपनीचा फोन आला आणि जावई घाईनं एकटाच बंगळूरला निघून गेला. लेक आणि बाळ आठ दिवसांनी विमानानं जाणार होते. सीट पडवीतच राहिली. ती गाडीतून कुणी काढली होती हे मी आज लिहून ठेवते, कारण नंतर ते कुणालाच आठवलं नाही.

दुसऱ्या दिवशी जावयाचा फोन. सीट विमानात घालून आणा. बंगळूरच्या विमानतळापासून घर लांब आहे, सीटशिवाय मी बाळाला गाडीत घेणार नाही. लेकीनं विचारलं, मी एकटी बाळ, बॅगा आणि ही खुर्ची कशी नेऊ? बंगळूरला बाळ सांभाळणारी त्यांची बाईही सोडून गेली होती. विहीणबाई म्हणाल्या, "मला विमानात गरगरतं." त्या कधी विमानात बसल्या नव्हत्या. मग माझ्याकडं बघून, "तुमी मोकळ्याच हाय की, ईनबाई."

अशी मी विमानात बसले. जावयानं माझं तिकीट काढलं, हेही त्यांनी सगळ्या गल्लीला सांगितलं.

निघायच्या आदल्या दिवशी लेक ती सीट भरायला खोका शोधत होती. त्या मापाचा खोका ओतूरच्या दुकानांत मिळेना. तिचं म्हणणं होतं, गोधड्या गुंडाळू आणि वरून जाड प्लास्टिक लावू, म्हणजे आत काय आहे ते दिसेल. मी म्हटलं, मी बांधते. मला वाटलं, आता ह्यांना दाखवते. दोन नवी बारदानं उसवून एक केली, सीट गोधडीत गुंडाळून आत घातली, मधल्या पोकळीत बाजरीचं पीठ, कुरडया आणि लसणाची चटणी भरली, कारण जागा वाया का घालवायची. वरून दाभणानं शिवली. कोपऱ्यांना कान काढले. एक टाका वाकडा नाही. उचलायला सोपी, फाटणार नाही, भिजली तरी वाळेल. विहीणबाईसुद्धा म्हणाल्या, "हात चांगला हाय हो तुमचा." त्या घरात माझं झालेलं ते पहिलं कौतुक. मी त्या रात्री त्यावर खूश होऊन झोपले, एवढी मी मूर्ख.

पुण्याच्या विमानतळावर सामान आधी मशिनीतून जायचं. माझी गोणी गेली आणि तिथला पोलीस ओरडला, "ये किसका है? क्या है इसमें, प्याज?"

रांगेतली माणसं हसली. एक बाई आपल्या नवऱ्याला म्हणाली, "अरे देवा, विमानात कांदे!" लेकीची मान खाली गेली. ती माझ्या बाजूला उभी होती, पण दोन पावलं मागं सरकली. ते मी पाहिलं.

गोणी उघडायला सांगितली. मी टोक ओढलं, सगळी शिवण एका दमात सुटली. पोलिसानं पिठात हात घातला, चटणीचा वास घेतला, सीटचे पट्टे ओढून पाहिले आणि म्हणाला, ठीक आहे, बांधा. कमरेच्या पिशवीतून मी दाभण काढला आणि तिथंच जमिनीवर बसून गोणी परत शिवली. दुसरा एक पोलीस मराठी होता. तो बघत उभा राहिला. "काय हात चालतो मावशी तुमचा!" म्हणाला. पुढं बाईमाणसांची तपासणी होते त्या पडद्यामागं त्याच्याच खात्यातल्या पोरीनं माझ्या पिशवीतून तो दाभण काढून घेतला आणि एका डब्यात टाकला. डब्यात कात्र्या, ब्लेड, नेलकटर होते. सोळा वर्षं तो दाभण माझ्या हातात होता, मूठ माझ्या बोटांच्या मापानं झिजली होती. मी म्हणणार होते की मला परत येताना द्या. तोवर पोरीनं पुढच्या बाईला बोलावलं.

त्याच्या आधी, गोणी जिथं द्यायची तिथल्या पोरीनं तिच्यावर काचेच्या पेल्याचं चित्र असलेली चिठ्ठी लावली होती. नाजूक वस्तू आहे, जपून उचला, असा तिचा अर्थ, लेकीनं सांगितलं. चिठ्ठी बारदानाला चिकटेना. पोरीनं दोनदा दाबली. गोणी पट्ट्यावरून पुढं सरकली तशी चिठ्ठी खाली पडली आणि तिच्या सँडलखाली गेली. तिनं पाहिलं. मीही पाहिलं. ती पुढच्या माणसाचं तिकीट मागायला लागली.

विमानात लेकीची खुर्ची माझ्या मागं आणि माझी पुढं, शेजारी मिळाल्या नाहीत. बाळ मला चिकटलेलं, म्हणून माझ्याच मांडीवर राहिलं. मी खिडकीला होते. बाहेर गाडीवरून सामान विमानाच्या पोटात चढवत होते. बॅगा उचलून ठेवत होते. माझी गोणी आली. एकानं दोन्ही कान धरले, झोका दिला आणि फेकली. वरच्यानं ती पायानं आत ढकलली.

त्या माणसाचं काही चुकलं नव्हतं. सोळा वर्षं मी हमालांच्या शेजारी बसले आहे. गोणीला कान कशासाठी काढतात? धरून फेकण्यासाठीच. हमालाच्या हातात बारदान आलं की तो आत काय आहे विचारत नाही. हे साऱ्या विमानात मला एकटीलाच माहीत होतं, आणि मीच ती खुर्ची बारदानात घालून तिला कान काढून दिले होते. लेक म्हणत होती तसं दिसणारं प्लास्टिक लावलं असतं तर कदाचित त्यानंही उचलून ठेवली असती.

बाळाला मी पदरानं पोटाशी बांधलं, शेतात जाताना बांधायचे तसं. विमानातली पोरगी आली. "आंटी, ऐसे नहीं." तिनं पदराची गाठ सोडली, माझ्या पट्ट्यात एक छोटा पट्टा ओवला आणि तो बाळाच्या कमरेला लावला. तिनं हे हसत केलं, पण पुढच्या पोरीला काहीतरी बोलली आणि दोघी हसल्या. मी तिच्याकडं पाणीसुद्धा मागितलं नाही. मुतायला उठलेही नाही. शेजारचा माणूस पेपर उघडून बसला होता, बाळाचा पाय लागला की पेपर झटकायचा. तीनदा झटकला.

उतरताना सगळ्या पोरांनी भोकाड पसरलं. आमचं रडलं नाही. माळशेज घाट उतरताना कानाला दडे बसतात आणि काहीतरी चावत राहिलं की सुटतात, हे मला माहीत होतं. पदराखालून मी भाकरीचा पापुद्रा काढून त्याच्या हातात दिला आणि ते चघळत राहिलं. पेपरवाल्यानं तेवढं पाहिलं, आणि नाक मुरडलं.

मग चाकं जमिनीला लागली. असा धक्का बसला की मी पुढं गेले, माझे दोन्ही हात सुटले आणि समोरच्या खुर्चीला लागले. आपोआप. बाळाला धरायच्या ऐवजी मी खुर्ची धरली. बाळ माझ्या हातात नव्हतंच. त्या बोटभर पट्ट्यानं त्याला धरून ठेवलं होतं. त्याचं डोकं पुढं जाऊन परत माझ्या छातीवर आपटलं आणि ते हसलं, त्याला मजा वाटली. मी तेव्हापासून कुठल्याच आईच्या मिठीवर विश्वास ठेवत नाही. माझ्याही नाही. आणि त्याच क्षणी मला विमानाच्या पोटातली ती सीट आठवली.

बंगळूरला सामान फिरत फिरत आलं. गोणी दिसली. माझी शिवण तशीच होती, एक टाका सुटला नव्हता. जावई गाडीपाशी उभा होता. त्यानं कात्रीनं बारदान कापलं. पीठ सांडलं. सीट उलटी केली आणि पाठीवर अंगठा दाबला. वीतभर चीर होती, दाबली की तोंडासारखी उघडायची.

लेक म्हणाली, "चिकटवून घेऊ. पट्टे तर चांगले आहेत."

"मोडलेली सीट चालत नाही," जावई म्हणाला. "धक्का बसला तर दोन तुकडे होतील. पट्ट्यांचा काय उपयोग?"

"कोणी सांगितलं होतं तुला शहाणपण?" लेक माझ्याकडं वळली. "मी सांगत होते ना, आत काय आहे ते दिसू दे? पण तुझं आपलं गोणी, गोणी! सगळ्या विमानतळावर कांदेवाली म्हणून हसले लोक."

तिची शाळा, कॉलेज, तिचं पहिलं घड्याळ, सगळं गोण्यांवर झालं. मी हे बोलले नाही. बोलायला हवं होतं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

जावयानं बाळाला माझ्या मांडीवर दिलं आणि घरापर्यंत गाडी बैलगाडीच्या चालीनं चालवली. मागचे भोंगे वाजवत होते. घरी गेल्यावर त्यानं सीटचे पट्टे कापून टाकले. मी विचारलं, कशाला? तो मला मामी म्हणतो. म्हणाला, "मामी, कचऱ्यातून कुणी उचलली आणि आपलं पोर बसवलं तर?" माणूस वाईट नाही. आईपुढं फक्त मुका होतो.

आईला मात्र त्यानं त्याच संध्याकाळी फोन केला. नवी सीट तिकडून येणाऱ्या कुणाकडून तरी मागवावी लागणार होती, आपल्याकडं तेव्हा मिळायची नाही. विहीणबाईंनी फोन माझ्याकडं द्यायला लावला.

"काय हो ईनबाई, साडेसहा हजाराची वस्तू आन् तुमी कांद्यावानी बांदली?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"नाय, मी काय मागत नाय. आमच्यात मागायची रीत नाय. लग्नात अंगठी हलकी आली, तवा बी आमी बोललो नाय."

बाळ माझा पदर ओढत होतं.

"आता तुमच्या लेकीला म्हनावं, सीट यीस्तवर घरात बस पोराला घेऊन. दवाखान्यात बी रिक्षानं जा. आईनं मोडली, लेकीनं भोगलं."

फोन ठेवला. लेक दारात उभी होती, तिनं सगळं ऐकलं होतं. तिच्या तोंडाकडं पाहून मला कळलं की हे एकदाचं नाही. अंगठीचं लग्नापासून चाललं होतं. आता सीटचं चालेल, सणाला, बारशाला, दर भांडणात, मी मेल्यावरसुद्धा. विहीणबाईंना पैसे नको होते. त्यांना ही गोष्ट हवी होती. ती मी त्यांच्याकडं राहू देणार नव्हते.

जावई म्हणाला, मामी, तुम्ही काही देऊ नका. दोन महिने नातवाला सांभाळलं, त्याचे दोन दात आले, नवी सीट आली, ती मी हातानं दाबून पाहिली आणि रेल्वेनं परत आले. पहिल्या सीटचे कापलेले पट्टे मागून आणले. त्यातल्या एकानं माझी शेळी बांधलेली असते. तुटत नाही.

दुसरी शेळी मी मंचरच्या बाजारात विकली आणि दोन हजार घेऊन एसटीनं ओतूरला गेले. विहीणबाई पडवीत चार बायकांबरोबर शेंगा फोडत होत्या. मी पैसे त्यांच्या सुपात ठेवले.

"ह्ये काय?"

"सीटचे."

"आवो, मी काय मागितले का? घ्या, चा घ्या."

मी चहा घेतला नाही. पुन्हा गेले तेव्हा दीड हजार नेले, सगळे गोण्यांचे, नव्या दाभणानं शिवलेल्या. नव्या दाभणाची मूठ हाताला लागायची, बोटाला घट्टे नव्यानं पडले. त्या खेपेला विहीणबाईंनी पैसे आपल्या पदराखाली सरकवायला पाहिले. मी कपबशी न शिवता उठले. तिसऱ्या खेपेला आणखी दीड हजार. तेव्हा त्या म्हणाल्या, "ईनबाई, लई ताठा हाय हो तुमाला." बरोबर होतं ते. आणि हेही बरोबर होतं की सीट मीच मोडली होती. त्यांनी गाडीतून काढली ही त्यांची चूक, बारदानात घातली ही माझी. त्यांच्या चुकीचे पैसे कुणी मागितले नाहीत. माझे मी देत होते.

शेवटच्या खेपेला मी मुद्दाम दिवाळीत गेले. लेक-जावई आले होते, पडवी माणसांनी भरली होती, नातू नव्या सीटमधून उतरून पळत सुटला होता. विहीणबाईंनी मला पाहिलं आणि पाट सरकवला. मी दीड हजार काढून त्यांच्या हातात दिले. त्या नोटा तशाच मुठीत धरून कनवटीला लावायला लागल्या.

"मोजा," मी म्हटलं.

माझा आवाज मोठा आला. पडवीतली माणसं वळून बघायला लागली. लेकीनं माझ्याकडं पाहिलं.

"आवो, इश्वास हाय की."

"मोजा. आधीचे पाच हजार धरून सांगा."

विहीणबाईंनी जिभेला बोट लावलं आणि नोटा मोजल्या. एकदा मोजून परत मोजल्या, कारण सगळे बघत होते.

"झाले," त्या म्हणाल्या.

"किती?"

"साडेसहा."

"काही राहिलं?"

"नाय. काय राह्यलं नाय."